रस्ता आखण्याआधी चालणाऱ्यांना विचारा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग, म्हणजे जलद बससेवेसाठी राखीव मार्ग, २०१३ साली सुरू झाला आणि तो काढून टाकण्यास मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये परवानगी दिली. तो मार्ग ठेवायला हवा होता की नको, या वादात मला आता शिरायचे नाही. मला काळजी आहे ती पुढच्या गोष्टीची. बसगाड्यांसाठी राखलेली मधली पट्टी मोकळी झाली, की रस्त्याच्या साऱ्या रुंदीची वाटणी नव्याने करावी लागते, आणि अशी संधी एका शहराच्या वाट्याला पिढीतून एखाददुसऱ्या वेळीच येते. या वाटणीबद्दल जे काही कानावर येते ते मोटारींच्या लेनबद्दल, उड्डाणपुलांबद्दल आणि सिग्नलमुक्त चौकांबद्दल असते. पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, काठी टेकत बँकेत जाणाऱ्या आजोबांना आणि दप्तर पाठीला लावून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला या रुंदीतून काय मिळणार, याची चर्चा कोणी चारचौघांत मांडत नाही. ती मांडली जावी, आणि नकाशा पक्का होण्याच्या आधी मांडली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे नागरिकांना विचारायची सोयच नाही, असे नाही. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून लेखी हरकती व सूचना मागवाव्या लागतात. २०२१ सालापर्यंतची इंदूरची विकास योजना २००८ साली लागू झाली, ती याच वाटेने. परंतु विकास योजनेच्या नकाशावर रस्ता म्हणजे दोन समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये लिहिलेला रुंदीचा आकडा असतो. त्या दोन रेषांच्या आत फुटपाथ किती असेल, झाडे कुठे राहतील, विजेचा ट्रान्सफॉर्मर कुठे बसेल आणि बसथांब्यावर उतरलेली बाई पलीकडे कशी जाईल, हे सारे पुढे निविदेच्या कागदांत ठरते आणि ते कागद सामान्य माणसाला कधी दिसतच नाहीत. त्याला दिसते ते थेट खोदकाम. तोवर ठेका दिलेला असतो, खडी येऊन पडलेली असते आणि हरकत घेणारा माणूस विकासाच्या आड येणारा ठरतो. अशा वेळी मत विचारले तरी त्याला हो किंवा नाही याखेरीज काही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणून उपयोग होत नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

इंदूरला मात्र याबाबत दुसऱ्या शहराकडे पाहण्याची गरज नाही, कारण लोकांना बरोबर घेऊन नगररचना कशी करावी याचा एक मोठा धडा याच शहरात शंभर वर्षांपूर्वी घडलेला आहे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत येथे आले आणि १९१८ साली त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्या काळी शहरावर प्लेगचे सावट होते. जुन्या पेठा सरसकट पाडून त्यांतून रुंद, सरळ रस्ते काढावेत, हा त्या वेळच्या अधिकाऱ्यांचा आवडता उपाय असे. गेडिस यांचा त्याला विरोध होता. आधी रोगाचे निदान आणि मग उपचार, हा त्यांचा आग्रह, आणि निदानासाठी ते हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून स्वतः पायी हिंडत. कुठली भिंत थोडी मागे घेतली तर वाट मोकळी होईल, कुठल्या पडक्या घराच्या जागी छोटेसे अंगण ठेवता येईल, हे ते जागेवर उभे राहून ठरवीत.

त्यांनी येथे साजऱ्या केलेल्या दिवाळीची हकीकत नगररचनेच्या इतिहासात आजही सांगितली जाते. दरबाराकडून एका दिवसाचा महाराजा होण्याची मुभा त्यांनी मिळवली, मिरवणुकीचा ठरलेला मार्ग बाजूला ठेवला, आणि ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत जास्त झाडून, सारवून, डागडुजी करून ठेवलेली असतील त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल, असे जाहीर केले. लोक हिरिरीने कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि शहराचे सफाई कामगार स्वच्छ पोशाखात, मानाने चालत होते. मिरवणूक कोणत्या गल्लीतून जावी, हे त्या वर्षी गल्लीत राहणाऱ्यांनीच आपल्या हातांनी ठरवले. ज्यांना या योजनेचे फळ मिळायचे होते, त्यांच्या हाती तिचा एक खरा निर्णय सोपवला गेला होता, म्हणून ते आले. नुसते मत विचारले असते तर इतके लोक आले असते असे मला वाटत नाही.

आणि शंभर वर्षे मागे जायचे नसेल, तर अलीकडचा अनुभवही आपल्या पाठीशी आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सातत्याने देशात अग्रस्थानी राहिले, ते केवळ कचरागाड्या आणि यंत्रे विकत घेतल्याने नव्हे. घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा कसा ठेवायचा हे लोकांना समजावले गेले, पुढे सहा प्रकारांत वर्गीकरण करण्याची सवय लावली गेली, आणि ज्या वस्तीत गाडी वेळेवर येत नाही असे कळले तेथे वेळ बदलली गेली. जे शहर कचऱ्याच्या डब्याबद्दल प्रत्येक दारापर्यंत पोहोचू शकते, त्या शहराला चालण्याच्या वाटेबद्दल प्रत्येक दारापर्यंत पोहोचणे अवघड असल्याचे कोणी सांगितले, तर ते मला पटणार नाही.

प्रत्यक्ष जागेवर काय दिसते, याचे एक उदाहरण देतो. रामबागेतून होळकरांची स्मारके असलेल्या कृष्णपुरा छत्र्यांच्या बाजूने राजवाड्याकडे जाणारी वाट इंदूरच्या मराठी माणसाच्या पायाखालची आहे. दर्शनाला जाणाऱ्या वयस्क बायका, शिकवणीची मुले आणि बाजाराला निघालेली माणसे तिथे दिवसभर दिसतात. जुन्या शहरातील अशा वाटांवर जिथे फुटपाथ आहे, तिथेही या बायका कडेकडेने डांबरी रस्त्यावरून चालतात, आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यांनाच दटावतो. त्या वर का चढत नाहीत, हे त्यांच्याबरोबर चालल्यावाचून कळत नाही. फुटपाथची कड इतकी उंच असते की गुडघे दुखणाऱ्या बाईला आधारावाचून वर पाय टाकता येत नाही. कशीबशी ती चढली, तर पुढच्या दुकानापाशी दुचाकी वर नेण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार येतो, मग पुन्हा चढ, मग झाकण तुटलेले गटार, मग विजेचा खांब. दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या खाचांच्या फरश्या त्याच खांबाच्या बुंध्याशी जाऊन संपतात. रस्त्यावरून सरळ चालणे तिला फुटपाथपेक्षा सोपे पडते, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फुटपाथची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी, चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी कोणत्याही अडथळ्यावाचून मोकळी असावी आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवे येऊ नये. नियम चांगले आहेत. ते पाळले गेले की नाही हे तपासणाऱ्यांत ज्यांचे गुडघे दुखतात अशी एकही व्यक्ती नसते, ही खरी अडचण आहे.

सिग्नलचेही तेच. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा हे ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, असे धरण्याची पद्धत आहे. या हिशेबाने तीस मीटर रुंदीचा रस्ता पंचवीस सेकंदांत ओलांडला जातो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याच अंतराला साडेसदतीस सेकंद लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा तो अजून दहा मीटर आत, सुटलेल्या गाड्यांच्या तोंडाशी उभा असतो. मध्ये थांबायला सुरक्षित बेट आहे का, ते चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढे आहे का, हे प्रश्न त्या चौकातून रोज जाणाऱ्या माणसाला पहिल्यांदा सुचतात.

मग विचारायचे कोणाला? सायकलींची गोष्ट निघाली की बैठकीला बोलावणे जाते ते रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून निघणाऱ्या सायकलस्वारांना. त्यांचा उत्साह मोलाचा आहे, मला त्याबद्दल आदरच आहे. पण या शहरात सायकल सर्वांत जास्त गरजेने चालवणारा माणूस वेगळा आहे. तो सकाळच्या पाळीसाठी परदेशीपुरा किंवा पाटनीपुऱ्याकडून सांवेर रोडच्या कारखान्यांकडे निघतो, त्याच्या हँडलला जेवणाचा डबा लटकलेला असतो, सायकलला दिवा नसतो, आणि परतताना अंधार पडलेला असतो. एके काळी हुकुमचंद मिल, मालवा मिलच्या पाळ्या सुटत तेव्हा याच भागांतले रस्ते सायकलींनी भरून जात. त्या गिरण्या बंद झाल्या, पण सायकलवर कामाला जाणारा माणूस संपलेला नाही. त्याला दुपारी तीन वाजता एखाद्या वातानुकूलित सभागृहात बोलावले तर तो येणार नाही, कारण आला तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तीच गोष्ट धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांची. सकाळ-संध्याकाळ त्या वस्त्यांतून वसाहतींकडे पायी जातात. कोणत्या वळणावर दिवा नाही, कोणत्या भिंतीलगत चालताना भीती वाटते, कोणत्या बोळात मोकाट कुत्री अंगावर येतात, याची त्यांच्याइतकी पक्की माहिती कोणत्याही सल्लागार कंपनीकडे असणार नाही. त्यांच्याकडे जायचे तर पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर, आणि सकाळी त्या निघतात तेव्हा वस्तीच्या तोंडाशी जायला हवे.

फेरीवाल्यांबद्दलही थोडे सांगणे भाग आहे, कारण फुटपाथ मोकळे करण्याची मोहीम निघाली की पहिला बडगा त्यांच्यावर पडतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी चाळीस टक्क्यांहून कमी नसावेत आणि त्या प्रतिनिधींतही एक तृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. भाजीवाली जिथे बसते तिथे रात्री उशिरापर्यंत उजेड आणि वर्दळ राहते, आणि एकटीने चालणाऱ्या बाईला तिचा आधार वाटतो. तिला हुसकावून त्याच जागी मोटारी उभ्या राहू दिल्या, तर चालणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. फेरीवाल्याला कडेच्या ठरावीक पट्टीत बसवून चालण्याची रुंदी मोकळी ठेवता येते, आणि ती पट्टी कुठे असावी हे त्याच्याशी बोलूनच ठरवावे लागेल.

हे सारे कोणाच्या कृपेवर सोडण्याचेही कारण नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-एस नुसार तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकांमध्ये वॉर्ड समित्या असाव्या लागतात. इंदूरमध्ये ८५ वॉर्ड आहेत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अडथळारहित फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे रस्त्यावर दगावणाऱ्या दर पाचांमधला जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात नव्हता.

अधिकाऱ्यांची बाजूही मी ऐकली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. दहा माणसांना विचारले तर अकरा मते येतात, व्यापाऱ्यांना दारात गाडी हवी असते, आणि चर्चेत वर्ष निघून गेले तर निधी परत जातो, असे ते सांगतात. पण मतभेद आज ना उद्या बाहेर येणारच असतील, तर ते काँक्रीट ओतल्यावर येण्यापेक्षा आधी आलेले परवडतात. प्रयोग करून पाहायला फार पैसाही लागत नाही. रंगाचे पट्टे, प्लास्टिकचे खांब आणि मातीच्या कुंड्या एवढ्या सामग्रीवर एखाद्या रस्त्याची नवी मांडणी महिनाभर करून पाहता येते, न जमल्यास आठवड्यात मोडता येते. दुकानात माल कोणत्या वेळी उतरवायचा, रिक्षा कुठे थांबायच्या, रुग्णवाहिका कशी शिरणार, या शंका कागदावर सुटत नाहीत, त्या अशा महिन्याभरात सुटतात. ‘छप्पन दुकान’ या इंदूरच्या प्रसिद्ध खाऊगल्लीच्या रस्त्याचे २०२० साली नूतनीकरण झाले आणि तो वाहनमुक्त करण्यात आला. तेथे संध्याकाळी किती माणसे असतात हे कोणाही इंदूरकराला सांगायला नको. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येत नाही, या भीतीला शहरातच उत्तर मिळालेले आहे.

बाहेरचे अनुभवही कामाला येतील. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून लहानमोठ्या कामांच्या सूचना मागवून त्या अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली, आणि अशा सूचनांत फुटपाथ, दिवे यांसारखी कामे नेहमीच येतात. चेन्नईने २०१४ साली चालणे आणि सायकल यांच्यासाठी स्वतंत्र धोरण करून वाहतुकीच्या खर्चातील किमान साठ टक्के वाटा त्यांच्यासाठी ठेवण्याचे ठरवले. ही दोन्ही शहरे या बाबतीत परिपूर्ण नाहीत. पुण्यातील जुने सायकल मार्ग किती तुटक आहेत हे तेथे राहणारे आपले नातेवाईक आपल्याला सांगतच असतात. तरीही नागरिकांची सूचना आणि खर्चाचा आकडा एकाच कागदावर आणण्याची त्यांची रीत घेण्याजोगी आहे. पैसा जोडलेला नसेल तर सूचना फाइलमध्ये पडून राहते.

आग्रा-मुंबई रस्त्याबाबत आणि शहराच्या येणाऱ्या विकास योजनेबाबत माझी मागणी अशी आहे. सल्लागाराने पहिली रेषा ओढण्याआधी प्रत्येक संबंधित वॉर्डात अभियंता, नगरसेवक आणि रहिवासी यांनी मिळून पायी फिरावे, एकदा सकाळी शाळेच्या वेळी, एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा भर पावसात, कारण पाणी कुठे साचते हे उन्हाळ्यातल्या पाहणीत दिसत नाही. या फेरीत चाकाच्या खुर्चीवरची एक तरी व्यक्ती आणि दृष्टिहीन एक तरी व्यक्ती असावी. आलेल्या प्रत्येक सूचनेची जागेसह नोंद व्हावी आणि ती मान्य झाली की नाही, झाली नसल्यास का नाही, याचे लेखी उत्तर झोन कार्यालयात आणि वॉर्डातील फलकावर लागावे. नकार मिळाला तरी लोक तो समजून घेतात, पण काहीच उत्तर आले नाही तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच माणसांनी पुन्हा त्याच वाटेने चालावे आणि राहिलेले दोष ठेकेदाराच्या देखभालीच्या मुदतीतच दुरुस्त करून घ्यावेत.

यात आपल्या मराठी समाजाने हात आखडता घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. इंदुरातील महाराष्ट्र मंडळे, महिला मंडळे, गणेशोत्सव समित्या आणि संध्याकाळी बागेत जमणारे ज्येष्ठांचे कट्टे यांच्याकडे माणसे आहेत, वेळ आहे आणि आपापल्या भागाची खडान्‌खडा माहिती आहे. राजेंद्र नगर, सुदामा नगर, टिळक नगर, रामबाग, नारायण बाग अशा ठिकाणी प्रत्येकी दहा-बारा जणांनी मिळून आपल्या भागातील शाळा, दवाखाना, देऊळ आणि बसथांबा यांच्याकडे जाणाऱ्या वाटांची नोंद केली, कुठे कड उंच आहे, कुठे दिवा बंद आहे, कुठे रस्ता ओलांडता येत नाही हे छायाचित्रांसह लिहून काढले, तर पालिकेपुढे ठेवायला भक्कम कागद तयार होईल. शाळकरी मुलांनाही त्यात घ्यावे. शाळेत येण्याची वाट कागदावर काढायला सांगितली, तर घाबरवणारी ठिकाणे मुले अचूक दाखवतात.

आणि आपणाकडे, संपादक महोदय, एक विनंती. आग्रा-मुंबई रस्त्याच्या नव्या मांडणीचा आडवा छेद, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुटपाथला किती मीटर, सायकलला किती, बसला किती आणि मोटारींना किती हे दाखवणारे साधे रेखाचित्र, संबंधित खात्याकडून मिळवून निविदा निघण्याच्या आधी आपल्या अंकात छापावे. चौकाचौकांगणिक रुंदी बदलत असल्यामुळे पलासिया, गीता भवन, नवलखा आणि भंवरकुवा येथील छेद वेगवेगळे छापता आले तर अधिक चांगले. त्यावर वाचकांची पत्रे मागवावीत. पहिले पत्र मी पाठवीन.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर